विठा घाट उतरताना

१० ऑगस्ट, रविवार

जोडसायकल आली. पुण्याहून टेम्पोत आडवी बांधून आणली होती. गल्लीच्या तोंडाशी टेम्पो वळेना, म्हणून मी आणि ड्रायव्हरने ती उचलूनच घरापर्यंत आणली. दोन सीटा, दोन हँडल, चार पायडल. इंग्रजीत टँडेम म्हणतात. गल्लीने लगेच तिचं नाव 'डबलसीट' ठेवून टाकलं.

आई उंबऱ्यात उभी राहून बघत होती. "एवढी लांब? मधी कोन बसायचंय?"

प्रज्ञा ड्यूटीवरून आली. सरकारी दवाखान्यात नर्स आहे, आज सकाळची पाळी होती. गणवेशातच तिने सायकलभोवती एक चक्कर मारली आणि मागचं हँडल हलवून पाहिलं. ते हलत नाही, नुसतं धरायला असतं.

"ह्याला ब्रेक कुठंय?"

मी समजावलं. ब्रेक, गिअर, वळणं, सगळं पुढच्याकडे. मागच्याने फक्त पायडल मारायचं. डोक्याला ताप नाही.

"म्हणजे तुम्ही थांबलात की मी थांबायचं."

"तुला थांबावंही लागत नाही. दोघांचे पायडल एकाच साखळीला जोडलेत. माझे थांबले की तुझे आपोआप थांबतात."

ती हसली नाही. थकली असणार.

या उद्योगाबद्दल काही घडलं की इथे लिहायचं ठरवलंय. मार्ग असा: संगमनेर, अकोले, विठा घाट चढून राजूर, मग भंडारदरा, घाटघरचा कडा, जिथून पायाखाली कोकण दिसतं, पुढे घोटी आणि नाशिकच्या पश्चिमेचे द्राक्षमळे, जिथे वाइन करतात. आणि त्याच वाटेने परत. पुण्याची एक कंपनी हिवाळ्यात जोडप्यांसाठी सायकल सहली काढणार आहे. त्यांचा कल्याण नावाचा माणूस म्हणाला, "सर, आधी तुम्ही दोघं करून दाखवा. आम्ही शूट करतो. जमलं तर या मार्गाचे प्रमुख तुम्हीच." ज्युनिअर कॉलेजात मी इतकी वर्षं तासिकेवर भूगोल शिकवला. दर जूनला पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. या जूनला अर्जच केला नाही. आता मागे जायला वाट नाही, हे मला माहीत आहे. ते बरंच आहे म्हणा.

१७ ऑगस्ट, रविवार

कोल्हारपर्यंत जाऊन आलो. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना ऊस. प्रवरेच्या पुलावर दोन मोटारसायकलवाल्यांनी व्हिडिओ काढला. मी सगळ्या वाटेने प्रज्ञाला बोलून दाखवत होतो, कुठली माती, कुठला कालवा. आमचं एवढं बोलणं घरात कधी होत नाही. ती मध्ये मध्ये "हं" म्हणत होती. मागे वळून बघता येत नाही, पण पायडलवरून कळतं, लय छान होती.

येताना म्हणाली, "मी पुढं बसू का एकदा?"

"वजनदार माणूस पुढं असतो. नियमच आहे तो."

"तुमच्यात माझ्यात किती फरक आहे?"

फरक फारसा नाही, हे खरं. पण सवयीचाही प्रश्न असतो.

२४ ऑगस्ट, रविवार

वाईट दिवस. शांतपणे लिहितो.

विठा घाट चढताना फार छान चाललं होतं. एवढा चढ मला जमेल असं वाटलं नव्हतं. एकदा बाटली काढायला मी जोर सोडला, तरी सायकलचा वेग तसाच राहिला. इतकी गती धरली होती मी.

वरून वळून परत निघालो. रस्ता ओला होता. एका वळणावर समोरून दुधाचा टेम्पो आला. मी दोन्ही ब्रेक दाबले आणि आम्ही कडेच्या गटारीत गेलो. मला खरचटलंसुद्धा नाही. प्रज्ञाचं कोपर फुटलं. अकोल्यात टाके घातले. तीच डॉक्टरांना सांगत होती, आधी नीट धुवा, आत खडी असेल.

गटारीत पडल्या पडल्या तिने विचारलं, "तुम्हाला लागलं का?" मी नाही म्हटल्यावर कोपर धरून उठली आणि म्हणाली, "टेम्पो लांब होता हो."

लांब नव्हता. तिला मागून दिसणार काय, माझी पाठ. चूक टेम्पोची.

७ सप्टेंबर, रविवार

प्रज्ञा घाबरली आहे, म्हणून सध्या सपाटीवरच सराव. ती म्हणते, "मला काही नाही, चला घाटात." पण असं म्हणणारी माणसंच आतून घाबरलेली असतात. मी घाई करणार नाही.

काल पुलाच्या उताराला माझ्या बोटांना मुंग्या आल्या. हातमोजे घट्ट असतील.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी आई, प्रज्ञा आणि मी विहारात वंदनेला गेलो. पांढऱ्या साडीत प्रज्ञा किती दिवसांनी नीट दिसली मला. एरवी एक तर ती ड्यूटीवर असते, नाहीतर माझ्या पाठीमागे.

दुपारी तिच्या आईचा फोन आला. गोजरबाई राजूरच्या वर एका वाडीत एकट्या राहतात. मुलगा पिंपरीला गेला, तो आता येत नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याला कमी दिसतं. मागच्या वर्षी प्रज्ञा म्हणाली होती, आईला इथे आणू. पण आपलं घर दोन खोल्यांचं. माझी आई म्हणाली, "दोघी म्हाताऱ्या एका घरात? न्हाई जमायचं." तो विषय तेव्हाच संपला.

१२ ऑक्टोबर, रविवार

राजूरला जाऊन आलो. घाट चढण्यात वेळ जाऊ नये म्हणून सायकल टेम्पोत टाकून नेली. येतानाही टेम्पोच केला. पुढच्या रस्त्याची पाहणी महत्त्वाची होती, घाट काय, तो माहितीचाच आहे.

प्रज्ञा तिथल्या दवाखान्यात मैत्रिणीला भेटायला गेली. मी राजूर ते रंधा धबधबा एकटाच जाऊन आलो, तरी ती आलेली नव्हती. आली ती चेहरा उजळलेला घेऊन.

"एवढा वेळ?"

"साहेब राउंडला होते."

"मैत्रिणीला भेटायला साहेब कशाला लागतात?"

"तिथंच उभं राहावं लागलं," म्हणाली आणि पर्समधून राजगिऱ्याचे लाडू काढून दिले. तिला माहेरच्या हवेत आणलं की ती खुलते. हा मार्ग आम्हा दोघांसाठी चांगला ठरणार, असं आज वाटलं.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळीनंतर कल्याणचा फोन. १३ नोव्हेंबरला निघायचं. शेवटच्या दिवशी तो विठा घाटाच्या पायथ्याशी कॅमेरा लावणार. "उताराचा शॉट म्हणजे जान आहे सर. वरून तुम्ही दोघं सुसाट येताय, मागे डोंगर."

मी सुचवलं, चढाचा शॉट घेऊ, चढात मेहनत दिसते. तो म्हणाला, मेहनत कोणाला बघायचीय?

संध्याकाळी प्रज्ञाने मला आईच्या गोळ्या शिकवल्या. सकाळची कुठली, जेवणाआधीची कुठली. बोटाला सुई टोचून साखर कशी बघायची. साखर उतरली तर घाम येतो, बोलणं अडखळतं, तेव्हा लगेच साखरेचं पाणी. तीन वेळा माझ्याकडून करून घेतलं.

मी म्हटलं, "आपण जाऊ तेव्हा शेजारच्या रंगुबाई बघतील ना. त्यांना शिकव."

"त्यांना शिकवलंय. तुम्हाला यायला पाहिजे."

"मी तर तुझ्याबरोबर सायकलवर असणार."

ती सुई डब्यात ठेवत राहिली. आई म्हणाली, "येऊ द्या की त्याला. काय बिघडतंय?"

१३ नोव्हेंबर, गुरुवार. भंडारदरा

निघालो. अकोल्यापर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती, कारखाने सुरू झालेत. विठा घाट चढलो. चढताना मी प्रत्येक वळण बघून ठेवत होतो. वर पोचल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं लक्ष नव्हतं. हे सगळं चार दिवसांनी उतरायचं आहे.

इथे लिहायला हरकत नाही. मला उतार नको वाटतो. ऑगस्टपासून. पुढचं चाक खाली झुकलं की बोटं ब्रेकवर आवळतात आणि मग माझी राहत नाहीत. मी कोणाला सांगितलेलं नाही. कल्याणला सांगितलं तर सगळं संपलं. प्रज्ञाला सांगितलं तर ती पुढे बसते म्हणेल, आणि मग मी कोण?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. घोटी

सकाळी घाटघरच्या कड्यावर. खाली कोकण, धुक्याच्या पट्ट्या, आणि समुद्र दिसत नसला तरी त्याची ओल वाऱ्यात लागते. कल्याणच्या माणसाने आम्हाला हातात हात धरून उभं केलं. फोटो झाल्यावर मी हात सोडला. प्रज्ञा तशीच कड्याजवळ उभी राहिली. तिला तीनदा हाक मारावी लागली.

"काय बघत होतीस?"

"मोकळं आहे," म्हणाली.

१५ नोव्हेंबर, शनिवार. धरणाकाठी, द्राक्षमळ्यात

इथला रस्ता म्हणजे स्वप्न. लाल मातीचे लहान चढउतार, दोन्हीकडे तारांवर चढवलेल्या वेली, मागे डोंगरांची रांग. उतार इतके छोटे की दुसरा चढ लगेच सावरून घेतो. असा देश असता सगळीकडे तर मी जगभर सायकल चालवली असती.

वायनरीत चव घेण्याचा कार्यक्रम होता. मी घेतली नाही, पंचशील मानणाऱ्या घरातला मी. प्रज्ञाही घेणार नाही असं धरून चाललो होतो. तिने पेला उचलून वास घेतला, एक घोट घेतला आणि "आंबट आहे" म्हणून खाली ठेवला. मी म्हटलं, "अगं!" ती म्हणाली, "चव कळली. आता परत नको." कॅमेरा चालू होता म्हणून मी पुढे बोललो नाही.

मग ती मळ्यात काम करणाऱ्या बायकांकडे गेली. मणी मोहरीएवढे झालेत, त्या जादा पानं काढत होत्या. तिथे ती हसत होती, मोठ्याने. मी गेलो तर हसणं थांबलं. माझ्यावर हसत नव्हत्या, तशी मला खात्री आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार. राजूर

परतीचा लांब दिवस. मुक्काम गोजरबाईंकडे. त्यांनी हाताने चाचपून माझा चेहरा पाहिला. "जावई वाळलं."

मी कल्याणला फोन करून सांगितलं की सकाळी घाटात धुकं असतं, ब्रेकही गरम होतात, टेम्पो बरा. तो म्हणाला, "ब्रेक बदललेत ना सर? धुकं असलं तर अजून भारी दिसेल."

मायलेकी चुलीपाशी बोलत होत्या. मी आत गेल्यावर गोजरबाई म्हणाल्या, "सांगितलं का न्हाई त्यान्ला?" प्रज्ञा म्हणाली, "उद्या." मला वाटलं, नाश्त्याचं असेल.

१७ नोव्हेंबर, सोमवार. संगमनेर

घरी आलोय. जसं घडलं तसं लिहितो.

माथ्यावर धुकं नव्हतं. स्वच्छ ऊन. खाली अकोल्याकडचं खोरं दिसत होतं आणि पायथ्याला कल्याणची पांढरी गाडी. मी हेल्मेटचा पट्टा दोनदा बांधला. निघालो.

पहिलं वळण झालं. दुसरं झालं. मी ब्रेक इतके दाबून होतो की सायकल चालत नव्हती, घासत होती. मागून एस.टी. आली, तिने हॉर्न दिला आणि माझे दोन्ही हात आवळले ते आवळलेच. आम्ही वळणाच्या ऐन पोटात, रस्त्याच्या मधोमध, थांबलो. मागे एस.टी., समोरून वर येणारा ट्रक. मला पाय खाली टेकवता आला, बाकी काही येईना. बोटं उघडेनात. उजवीकडे दगडी कठडा आणि त्यापलीकडे काहीच नाही.

"काय झालं?"

मी नुसतं बोटांकडे पाहिलं.

प्रज्ञा उतरली. एस.टी.च्या ड्रायव्हरला हात करून थांबवलं, ट्रकवाल्याला पुढे जा म्हणून खूण केली. मग माझ्यासमोर आली. मोहिमेत पहिल्यांदाच आम्ही समोरासमोर होतो. तिने माझी बोटं एकेक करून ब्रेकवरून सोडवली, दवाखान्यात एखाद्या पोराची मूठ सोडवतात तशी.

"प्रशांत, श्वास घे. सोड हळू. मी धरलीय सायकल."

लग्नाच्या पंधरा वर्षांत तिने मला नावाने हाक मारली नव्हती.

एस.टी.तली माणसं खिडक्यांतून बघत होती. कोणीतरी म्हणालं, "मास्तर, गाडी पंचर झाली का?" प्रज्ञाच म्हणाली, "व्हय, जरा." एस.टी. गेली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पडलो तेव्हापासून."

"मला कळत होतं. पायडलमधनं कळायचं. तुम्ही सांगाल म्हणून थांबले." मग ती पुढच्या सीटवर बसली. "बसा मागं. पाय सरळ ठेवा. वळणाला माझ्याबरोबर झुका, उलटं नका जाऊ."

मागे बसल्यावर खरंच काही दिसत नाही. तिची पाठ, हेल्मेट, आणि बाजूने पळणारे दगड. हातात नुसता लोखंडाचा तुकडा, काहीही करण्याच्या उपयोगाचा नाही. प्रत्येक वळणाला वाटायचं आता गेलो. ओरडावंसं वाटत होतं, हळू, हळू. ओरडलोही. ती हळू झाली. वळणाआधी ब्रेक, वळणात मोकळी, पुन्हा ब्रेक. तिच्या हाताला कुठेच घाई नव्हती. मधून मी डोळे मिटून घेतले.

पायथ्याशी कल्याण नाचत होता. "जबरदस्त सर! उन्हामुळे चेहरे दिसत नाहीत, पण फ्रेम काय आलीय!" तोवर आम्ही थांबलो आणि त्याला दिसलं, पुढे कोण होतं. त्याने कॅमेऱ्यात शॉट पुन्हा लावून बघितला. मग म्हणाला, "असू द्या. हेल्मेटमुळे कळत नाही. पुढं सरच आहेत, असंच वाटतं. पुन्हा चढायला नको."

चहाच्या टपरीवर आम्ही दोघंच बसलो. मी म्हटलं, "तू नसतीस तर."

ती म्हणाली, "ऐका. माझी राजूरला बदली झालीय. मी मागून घेतली. पुढच्या सोमवारी हजर व्हायचंय. आईजवळ राहणार. सुट्टीला येत जाईन."

"आणि माझी आई?"

"तुम्ही आहात ना. गोळ्या शिकवल्यात."

"हे ह्या सायकलीमुळे का?"

"सायकलीचा काही संबंध नाही." चहा संपवून कप ठेवला. "आईला आणायचं मी मागच्या वर्षी विचारलं होतं तुम्हाला. एकदा नाही, चार वेळा. तुम्ही प्रत्येक वेळी विषय दुसऱ्याच रस्त्याला नेत होतात."

सायकलीचा संबंध नाही असं ती म्हणाली, ते इथे लिहून ठेवतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

गेली. एक पिशवी, एक सुटकेस. सायकलवर सोडायला येतो म्हणालो. माझा मलाच अर्थ कळला नाही. एस.टी.ने गेली. आई दारात रडली. "मपलीच चूक," म्हणाली, "व्याहीनबाईला आनू दिलं असतं तर." प्रज्ञाने तिच्या पाया पडून, वर उठून, तिच्या तोंडावरून हात फिरवला. माझ्याकडे बघून म्हणाली, "जेवणाची वेळ चुकवू नका त्यांची."

४ डिसेंबर, गुरुवार

व्हिडिओ आला. खूप लोकांनी पाहिला. जुन्या विद्यार्थ्यांचे फोन: "सर, काय उतरवलात घाट!" मी "थँक यू" म्हणतो. पहिल्या फोनला म्हटलं, मग दुसऱ्याला वेगळं सांगता आलं नाही.

कल्याणचं नक्की झालं. वीस तारखेला पहिली सहल, पुण्याची जोडपी, बहुतेकांनी जोडसायकल कधी चालवलेली नाही. घाटात सगळ्यांत पुढे मी राहायचं, माझं बघून ते वळणं घेतील. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? घरी आई, बाहेर ही सायकल, कॉलेजात माझ्या तासिका दुसऱ्याला गेल्या. दिवसभर गल्लीच्या तोंडापर्यंत जातो आणि परत येतो.

१३ डिसेंबर, शनिवार

आज ठरवलं, एकट्याने घाट करून बघायचा. आईला रंगुबाईंवर सोपवून सकाळी निघालो. मागची सीट रिकामी ठेवून. चढ जीवघेणा होता. एवढा कधीच लागला नव्हता. अर्ध्या घाटात मला कळलं की आधी तो कोण चढवत होतं.

राजूरला दवाखान्यात गेलो. प्रज्ञा बाहेर आली. बरी दिसत होती, खरंच बरी. मी एवढा चढून आलोय, ती काहीतरी म्हणेल असं वाटलं.

"आईंना कोणाजवळ ठेवलं?"

"रंगुबाई आहेत."

"रंगुबाई आज लेकीकडे जाणार होत्या दुपारी. मला फोन आला होता त्यांचा. तुम्हाला बोलल्या नाहीत?"

बोलल्या असतील. मी हेल्मेट घालत होतो.

"निघा," ती म्हणाली. रागाने नाही. "आत्ता निघा."

फोन लावला, आई उचलेना. शनिवार, टेम्पो एकही रिकामा नाही. एस.टी.त ही सायकल घेत नाहीत. सायकल तिच्याकडे ठेवून जाता आलं असतं, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तेव्हा मी सायकल घेऊनच सुटलो. माथ्यावर येऊन थांबलो. खाली खोरं. पाय उचलला, सीटवर बसलो, चाक पुढे झुकलं आणि बोटं आवळली. उतरलो. सगळा घाट चालत उतरलो, सायकल कडेने धरून. गाड्या जात होत्या. दोन पोरांनी ओळखलं. "ओ, ते व्हिडिओवाले सर!" मी मान हलवली नाही. चालत राहिलो. खाली सपाटी लागल्यावर बसलो आणि संगमनेरपर्यंत जीव तोडून पायडल मारले.

आई पलंगावर बसलेली. फोन उशीखाली. जेवली नव्हती. "तू येशील म्हनून थांबले." कपाळावर घाम होता, शब्द ओढून बोलत होती. साखरेचं पाणी केलं, घोट घोट पाजलं. या वेळी माझे हात चालले. मग वरण-भात कालवून दिला. हळूहळू डोळ्यांत ओळख आली.

"कुटं गेल्ता एवढा?"

मी म्हटलं, "आई, मला उतार उतरता येत नाही. भीती वाटते. व्हिडिओत पुढं प्रज्ञा आहे."

तिने घास गिळला. "आनि त्या मानसांना कोन उतरवनार? वीस तारखेला?"

"मीच."

"त्यांच्या बी आया हायेत ना रं घरी?"

ताट बाजूला ठेवून मी हात धुतले आणि तिच्यासमोरच फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"बोला सर," कल्याण म्हणाला. मागे लोकांचा गलका होता, कसलं तरी बुकिंग चाललं होतं.

मी सांगितलं.